98 टक्के कशाचे?

फायनल इयरच्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी ग्रुप मेडिकल इमेजिंग घेऊन बसलेला असतो. मानेच्या सोनोग्राफीत कॅरोटिड धमनीची कड कॉम्प्युटरने आपोआप शोधायची, हा त्यातला लाडका विषय. विषय झकासच आहे. खटकते ती शेवटची स्लाइड: ‘अ‍ॅक्युरसी 98 टक्के’.

काम किती नाजूक आहे ते बघा. या धमनीच्या भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. ती वर्षाला मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाने वाढते. दीड मिलिमीटरच्या पुढे गेली, की प्लाक साचलाय असं धरतात. आता चित्रातला एक पिक्सेलच मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असेल, तर कड एक पिक्सेल सरकली म्हणजे पेशंटचं वय काही वर्षांनी सरकलं!

त्यात सोनोग्राफीचं चित्र दाणेदार. हे दाणे म्हणजे धूळ नव्हे. ऊतींतल्या बारीक कणांवरून परतणारे ध्वनी एकमेकांत मिसळून ते तयार होतात. आणि भिंतीचा जो भाग ध्वनीच्या दिशेला समांतर असतो, तिथून प्रतिध्वनी नीट येतच नाही. कड चक्क गायब. 1988 मध्ये कास, विटकिन आणि टेर्झोपुलस यांनी ‘स्नेक’ आणला, रबरबँडसारखी आकसत कडेला चिकटणारी रेघ. 2015 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून यू-नेट आलं. आज तुमचा कोड बहुतेक त्याच्याच कुठल्यातरी भावंडाचा असतो.

मग 98 टक्क्यांत बिघडलं कुठे? समजा, फ्रेममध्ये धमनीने जागा व्यापलीय 5 टक्के. मॉडेलने ‘इथे धमनीच नाही’ म्हणून हात वर केले, तरी पिक्सेल मोजून अ‍ॅक्युरसी येते 95! म्हणून डाइस स्कोअर द्यायचा, आणि कड किती मिलिमीटर चुकली तेही. दुसरी गोम जास्त वाईट. एकाच पेशंटच्या व्हिडिओतल्या जवळपास सारख्या फ्रेम्स थोड्या ट्रेनिंगला, थोड्या टेस्टला टाकतात. हा तर फुटलेला पेपर. मार्क पडणारच.

आणि ज्या रेघेला तुम्ही ‘खरी’ मानता, ती कुणा एका डॉक्टरने माउसने ओढलेली असते. दुसऱ्या डॉक्टरची रेघ थोडी वेगळी पडते. त्या दोघांतलंच अंतर मोजलेलं नसेल, तर मशिन डॉक्टरइतकं चांगलं आहे, हे म्हणायचं कशाच्या जोरावर?

दोष फक्त पोरांचा नाही. आकडा मोठा दिसला की गाइड खूश, एक्स्टर्नल खूश, रिझ्युमेवर एक ओळ जास्त. पण उद्या हेच सॉफ्टवेअर तालुक्याच्या दवाखान्यातल्या जुन्या मशिनवर चाललं आणि पन्नाशीतल्या एखाद्या काकांना ‘सगळं नॉर्मल’ सांगून मोकळं झालं, तर? यंदा व्हायवाला एक्स्टर्नलनी एवढंच विचारावं: पेशंट किती होते, रेघा कुणी मारल्या, मशिन कोणतं, चूक किती मिलिमीटरची? उत्तर देता आलं, तर 82 टक्के डाइसवालाही फुल मार्क घेऊन जाऊ दे.