केळीचे खत आणि खानदेशचे पाणी

१० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. सुमारे ३१ टीएमसी पाण्याचा वापर करून सातपुड्याच्या पायथ्याशी खोल गेलेली भूजलपातळी वर आणावी, हा या प्रकल्पाचा हेतू. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत कूपनलिका सतत खोल न्याव्या लागत असल्याने त्याचे स्वागत झाले, यात नवल नाही. तथापि खानदेशातील पाण्याची चर्चा वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे: पाणी किती फुटांवर लागले? त्या पाण्यात काय आहे, हे क्वचितच कोणी विचारतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक पंचमांश नमुन्यांमध्ये नायट्रेटचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलतीची तरतूद नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर त्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढते, आणि ब्लीचिंग पावडरीचा त्यावर काही परिणाम होत नाही. तान्ह्या मुलाला अशा पाण्यात कालवलेले दूध दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होऊन अंग निळसर पडते. अमेरिकेतील आयोवाचे डॉक्टर हंटर कॉमली यांनी १९४५ मध्येच या आजाराचा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखविला होता.

हे नायट्रेट सारेच शेतातून येते असे नाही. गावातील उकिरडे, गोठे आणि शोषखड्डे यांचाही त्यात वाटा असतो. परंतु केळीच्या पट्ट्यात खताचा हिशेब मांडल्यावाचून गत्यंतर नाही. महाराष्ट्रात केळीसाठी झाडामागे सुमारे २०० ग्रॅम नत्राची शिफारस रूढ आहे. दीड मीटर अंतराने लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४०० च्या वर झाडे बसतात. म्हणजे हेक्टरला जवळजवळ ८९० किलो नत्र. ते सर्व युरियातून द्यायचे म्हटले तर ४५ किलोच्या ४३ गोण्या! ही झाली शिफारस. पीक हातचे जाऊ नये म्हणून तिच्यावर आणखी दोन गोण्या टाकणारा शेतकरी निराळाच. युरियातील नत्राचे जमिनीत थोड्याच दिवसांत नायट्रेट होते. मातीचे कण त्याला धरून ठेवीत नाहीत. पिकाने जे उचलले नाही ते पाण्याबरोबर खाली उतरते. तापीकाठच्या जाड गाळाच्या थरातून खाली पोचायला त्याला वर्षे लागू शकतात. तेव्हा आजच्या कूपनलिकेत कदाचित मागील पिढीच्या बागेचे खत येत असेल आणि आजचे अजून वाटेत असेल.

यासाठी शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. २०१० मध्ये केंद्राने खतांसाठी पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आणले, तेव्हा युरियाला त्यातून वगळले. स्फुरद आणि पालाश महागले. युरियाची गोणी मात्र कर व निंबोळी लेपनाचा खर्च सोडून २४२ रुपयांवरच राहिली. २०१५ पासून सर्व युरियाला निंबोळी लेपन सक्तीचे झाले, २०१८ मध्ये गोणी ५० किलोंवरून ४५ वर आली. गोणी हलकी केली म्हणजे शेतकरी कमी टाकील, हा तर्क मंत्रालयातच सुचू शकतो! जे सर्वांत स्वस्त तेच सर्वाधिक वापरले जाणार, हे कोणताही संसारी माणूस सांगेल.

या धोरणाची किंमत मात्र भलताच माणूस मोजतो. बागायतदाराच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र बसू शकते किंवा पाण्याचा जार येऊ शकतो. त्याच्या बागेत घड उतरविणारा मजूर सार्वजनिक नळाचे आणि हातपंपाचे पाणी पितो.

वास्तविक शेतकऱ्याचे हित आणि पाण्याचे हित येथे एकच आहे. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. अशा पाण्याचे १५,००० घनमीटर वर्षभरात एका हेक्टरला दिले, तर त्याबरोबर सुमारे १५० किलो नत्र, म्हणजे सात गोण्यांहून अधिक युरिया, फुकट शेतात जातो. माती तपासणीच्या पत्रिका शेतकऱ्याच्या हाती आल्या. पण पाण्यातील नत्र वजा करून खताची मात्रा सांगण्याची रीत पडली नाही. ठिबक सिंचनाची राजधानी म्हणविणाऱ्या जळगावात हे व्हायला हवे होते. ठिबकमधून खत थोडे थोडे देता येते, ही त्याची खरी थोरवी. नुसते पाणी वाचविणे हा अर्धाच लाभ.

धुळे जिल्ह्याची स्थिती वेगळी आहे. तेथे बहुतांश काळा कातळ, विहिरी उथळ. म्हणून नायट्रेट लवकर पोचते, तसे चांगल्या पावसात लवकर धुपूनही जाऊ शकते. शिरपूर परिसरात नाले रुंद व खोल करून भूजल वाढविण्याचे मोठे काम झाले आहे. याच जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीने शेतकरी पाटाच्या पाण्याचे वाटप आपसांत करीत आले. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हेही एकत्र ठरे. ज्या मुलखाला अशी शिस्त ठाऊक आहे, त्याला खताचा हिशेब गावाने मिळून ठेवणे अशक्य वाटू नये.

सरकारकडे साधनेही आहेत. २०१९ च्या जलजीवन मोहिमेत गावोगावी पाणी तपासण्याचे संच देण्यात आले आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण महिलांना मिळाले. त्या संचात नायट्रेटची चाचणी असते. तिचा निकाल शाळेच्या फलकावर लिहायला पैसा लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींचे जाळे आहे. पुनर्भरणाचे पाणी खाली उतरताना साचलेले नायट्रेट विरळ करील, की वरच्या थरातील नायट्रेट आपल्याबरोबर खोल नेईल, हे जागोजागी वेगळे असणार. म्हणूनच प्रकल्पाचा पहिला कालवा वाहू लागण्यापूर्वी लाभक्षेत्रातील विहिरींचे पावसाळ्याआधीचे व नंतरचे नायट्रेट मोजून ते आकडे तालुकावार जाहीर करावेत, अशी मागणी जळगावच्या लोकप्रतिनिधींनी आताच करायला हवी. कालवे वाहू लागल्यावर तुलनेसाठी जुना आकडा मिळणार नाही.