खाऱ्या पाण्यातली बोट

दर्याकाठी राहणाऱ्या कुटुंबाला मिठाची ओळख करून द्यावी लागत नाही. खिडकीचे गज, कपाटाच्या बिजागऱ्या, सायकलीची साखळी, दाराची कडी यांना खारा वारा कसा खातो, हे पणजी-वास्कोकडच्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. समुद्राचे पाणी प्रत्यक्ष न लागता केवळ वाऱ्याने हे होते. मग जे यंत्र बाराही महिने त्या पाण्यात पाय सोडून उभे असते, त्याची निगा कशी राखावी? सहलीसाठी वा हौसेसाठी लहान मोटरबोट घेणारे तरुण आपल्या कुटुंबांतूनही आहेत. बोट पुष्कळदा कर्ज काढून, क्वचित घरचे दागिने ठेवून घेतली जाते. घेताना वेगाची चौकशी सगळे करतात. निगेची चौकशी करणारे थोडे. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

मोटरबोटींतला एक प्रकार ‘स्टर्नड्राइव्ह’ या नावाने ओळखला जातो. यात इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या बाजूस बसवलेले असते आणि त्याची शक्ती मागच्या फळीला पाडलेल्या मोठ्या भोकातून बाहेरच्या पायाकडे जाते. हा पाय बहुतांशी ॲल्युमिनियमचा असतो. गिअर आणि पंखा त्यातच असतात आणि बोटीला वळवण्याचे कामही तोच करतो. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने ही रचना बाजारात आणली. १९६१ मध्ये अमेरिकेत मर्क्रूझर आले. मोटारीच्या घडणीचे इंजिन थोड्याफार फरकाने बोटीत चालू लागले आणि वेग व सोय दोन्ही साधली.

ही सोय गोड्या पाण्याच्या तळ्यात फारशी महाग पडत नाही. खाऱ्या पाण्यात तिचा हिशेब निराळा आहे. आउटबोर्ड इंजिन काम संपल्यावर पाण्याबाहेर उलटून ठेवता येते. स्टर्नड्राइव्हचा पाय उथळ पाण्यासाठी थोडा वर उचलला जातो, पण पुरता बाहेर निघत नाही. आपले रापणकार पावसाळ्यात होडी वाळूवर ओढून तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे छप्पर घालतात, ते उगीच नव्हे. ज्यांना बोट गाडीवर चढवून घरी नेता येते त्यांनी तेच करावे. त्याहून चांगला उपाय नाही. परंतु ज्यांना बोट बारा महिने पाण्यातच ठेवणे भाग आहे, त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: खारे पाणी काहीतरी खाणारच. त्याने काय खावे, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.

हा धडा माणसाला फार जुन्या काळी मिळाला. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे मारून पाहिले. १७६३ मध्ये पाहतात तो पत्रे बहुतेक शाबूत, पण जेथे तांबे लोखंडी खिळ्यांना टेकले होते तेथले खिळे झिजून गेलेले. जेथे दोहोंच्या मध्ये वेष्टणाचा कागद राहून गेला होता, तेथले खिळे मात्र धड होते. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांची एक लहानशी बॅटरी बनते आणि त्यांतला दुबळा धातू विरघळू लागतो. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली हाच नियम उलटा वापरला. तांब्याच्या पत्र्यांना त्यांनी लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. गंमत अशी की, वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपले भराभर वाढू लागले. कारण तांबे पाण्यात विरघळत होते म्हणूनच ते जीव दूर राहत होते. झीज थांबवली की तिच्याबरोबर तिचा फायदाही थांबतो, असा हा व्यवहार आहे.

स्टर्नड्राइव्हच्या पायाला जे धातूचे ठोकळे लावलेले असतात, ते डेव्हींच्या तुकड्यांचेच वंशज. त्यांना ॲनोड म्हणतात. पाय ॲल्युमिनियमचा, त्याचा दांडा पोलादाचा, पंखा पुष्कळदा स्टेनलेस स्टीलचा. या मेळ्यात ॲल्युमिनियम हाच दुबळा गडी. त्याच्याऐवजी झिजावे म्हणून ॲनोड. तो निम्मा झिजला की बदलावा, अगदी नाहीसा होईपर्यंत वाट पाहू नये. त्याला रंग कधीही लावू नये; रंगवलेला ॲनोड निरुपयोगी. ज्या जागी तो बसतो ती जागा घासून स्वच्छ करावी, म्हणजे धातूला धातू नीट भिडेल. आणि वर्षभरानंतर ॲनोड नवाकोरा दिसला तर समाधान मानू नये. तो काम करीत नाही आणि त्याच्या वाटचे पाय झिजतो आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

ॲनोड कोणत्या धातूचा असावा, हे पाण्यावर अवलंबून आहे. मॅग्नेशियमचा ॲनोड गोड्या पाण्यासाठी. खाऱ्या पाण्यात तो भराभर विरून जातो. समुद्रासाठी जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ॲनोड चालतो. पण आमच्या नद्यांची गोष्ट वेगळी आहे. मांडवी आणि जुवारी यांच्या पात्रांत उन्हाळ्यात भरतीबरोबर खारे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते, आणि पावसाळ्यात वरून येणाऱ्या लोंढ्याने तेच पात्र बरेचसे गोडे होते. अशा मचूळ पाण्यात जस्तावर एक कठीण पापुद्रा धरतो आणि ते निद्रिस्त होते. म्हणून नदीमुखाशी बारा महिने राहणाऱ्या बोटीस मिश्र ॲल्युमिनियमचे ॲनोड अधिक योग्य, असे आम्ही सुचवू.

रंगाविषयीही एक इशारा देणे अगत्याचे आहे. बोटीच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग देतात, त्यात पुष्कळदा तांब्याचे ऑक्साइड असते. तो फायबरच्या तळाला ठीक. ॲल्युमिनियमच्या पायाला लावल्यास आपणच आपल्या हाताने अलार्मचे खिळे तयार केले, असे होईल. पायासाठी ॲल्युमिनियमला चालणारा रंग वेगळा मिळतो, तोच मागून घ्यावा. तळाचा तांबेयुक्त रंगही पायाच्या भोवती निदान दीड इंच अंतर सोडून संपवावा.

येथवर धातूंची गोष्ट झाली. बोट बुडवण्याचे काम मात्र पुष्कळदा रबर करते. इंजिनाकडून पायाकडे जाणारा दांडा, गिअरची तार आणि धुराचा मार्ग यांवर घड्याघड्यांचे रबरी भाते बसवलेले असतात, आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसे. पाय वळतो, वर-खाली होतो, तसे ते दुमडतात व उलगडतात. दांड्याचा व तारेचा भाता पाण्याच्या पातळीखाली असतो. त्याला चीर पडली की पाणी सरळ बोटीत शिरते. उपसणारा पंप बॅटरी आहे तोवर चालतो. बॅटरी उतरली की शांत पाण्यात, नांगरावर, कोणी जवळ नसताना बोट बुडते. रबर वयाने कडक होते, आणि घड्यांत वाढलेल्या शिंपल्यांच्या धारदार कडा त्याला कापतात. बोट उभी करताना पाय पूर्ण खाली सोडावा; त्यामुळे भाते ताणले जात नाहीत, आणि पाय उचलणारे चकचकीत दांडे नळीत शिरून शिंपल्यांपासून सुरक्षित राहतात. भाते दर वर्षी बोट बाहेर काढून घडीन्‌घडी उलगडून तपासावेत, आणि संशय येताच बदलावेत. वळताना मागून घरघर ऐकू येऊ लागली तर आतल्या बेअरिंगपर्यंत पाणी पोचले असण्याची शक्यता आहे. तेव्हा पुढची फेरी रद्द करणे शहाणपणाचे.

पायातले वंगणही बोलके असते. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले, हे समजावे. केवळ नवे तेल भरून हा रोग जात नाही, गळका सील शोधावा लागतो.

इंजिनाच्या पोटातही समुद्र खेळत असतो, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. पुष्कळ इंजिनांत बाहेरचे खारे पाणीच थंडाव्यासाठी फिरवलेले असते. ते बिडाच्या नळांना आतून गंजवते. विशेषतः धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड आणि त्यांवरची कोपरे वरून रंगवलेली, देखणी दिसतात आणि आतून पोखरलेली असतात. भिंत झिजून छिद्र पडले की इंजिन बंद झाल्यावर पाणी सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवताच इंजिन अडकते किंवा मोडते. खाऱ्या पाण्यात हे भाग साधारण पाच वर्षांनी बदलावे लागतात, असे धरूनच खर्चाचा अंदाज करावा. ज्या इंजिनात आतून गोडे पाणी फिरते आणि खारे पाणी बाहेरच्या बाहेर त्याची उष्णता नेते, ते घेताना महाग पण टिकाऊ. कसेही असले तरी फेरी संपल्यावर गोड्या पाण्याने मार्ग धुण्याची जोडणी बसवून घ्यावी आणि ती वापरावी. पाण्याच्या पंपातली रबरी पाकळ्यांची चकती दर वर्षी बदलावी; एखादी पाकळी तुटलेली आढळली तर तिचा तुकडा शोधून काढल्याखेरीज स्वस्थ बसू नये, तो पुढे जाऊन मार्ग तुंबवतो.

आणखी एक शेजारधर्माची गोष्ट. धक्क्यावरून विजेची तार घेऊन बॅटरी भारत असाल, तर अर्थिंगच्या तारेने आपली बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते, आणि शेजाऱ्याने ॲनोड बदलण्यात कंजुषी केली असल्यास आपले ॲनोड त्याच्या बोटीसाठी झिजू लागतात. यावर गॅल्व्हानिक आयसोलेटर नावाचे लहान उपकरण मिळते, ते लावून घ्यावे.

आता वेळापत्रक. उभी असलेली बोट चालत्या बोटीपेक्षा लवकर बिघडते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी बोटीवर जावे, तळात पाणी साचले आहे का व बॅटरी भरलेली आहे का, हे पाहावे. दर दोन-तीन महिन्यांनी ॲनोड पाहावेत. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, बोट काठावर घ्यावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार आपली जाळी व इंजिने नीट करून घेतात; तीच रीत आपणही उचलावी. एका वहीत काय बदलले, कोणत्या तारखेस बदलले, हे लिहून ठेवावे. भात्याचे वय स्मरणात राहत नाही, वहीत राहते.

बोटीत बसणारा पाहुणा यातले काही पाहत नाही. तो मुलाबाळांसह विश्वासाने पाय आत टाकतो आणि पंखा कसा आहे, भाता केव्हा बदलला, हे विचारीत नाही. विचारण्याची जबाबदारी बोट ज्यांची आहे त्यांची आणि त्यांच्या घरच्यांचीही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम सुरू करण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती वही एकदा मागून पाहावी, एवढी आमची सूचना.