दुसऱ्या कानाचं काय होतं?

लग्नाच्या मांडवात सनई चालू असते, वाढपी ‘जिलबी, जिलबी’ ओरडत असतात, तरी शेजारच्या मावशींचं बोलणं आपल्याला नीट ऐकू येतं. हे जमतं कसं, याचा शोध संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली घेतला. त्यांचा प्रयोग असा: ऐकणाऱ्याच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर लावायचे आणि त्याने एकाच कानातला सोबत मोठ्याने म्हणत राहायचं. दुसऱ्या कानात पुरुष बोलतोय की बाई, एवढं लोकांना कळे. शब्द मात्र जवळजवळ काहीच आठवत नसत. मधेच तिथे इंग्रजीऐवजी जर्मन सुरू झाली, तरी पत्ता लागत नसे! पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या संशोधकांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. सुमारे एक तृतीयांश जणांनी ते टिपलं. म्हणजे लक्षाचं दार बंद नसतं, किलकिलं असतं.

आपण मोबाइलमध्ये बघत मुलाला ‘हं’ म्हणतो, तेव्हाही असंच होतं: त्याचा आवाज पोचलेला असतो, सांगणं नाही. मला हे फार लागतं.

‘लक्ष’ हाच या अंकाचा विषय आहे. वाचायला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि कुणी हाक मारली तर अंक मिटून आधी त्यांचं ऐका.