वाळवंटात बाग हवी, पण कोणाच्या जमिनीवर?

थरच्या वाळवंटातल्या गावांनी तिथल्याच झाडाझुडपांची बाग उभारावी का? झाडं लावण्याला कोण कशाला विरोध करील, असं वाटणं साहजिक आहे. पण या भागाचं बरंचसं नुकसान झाडं लावण्याच्या उत्साहातूनच झालं आहे. म्हणून होकार देण्यापूर्वी दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात.

जोधपूरला वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. 1930च्या दशकात मारवाड संस्थानाला हा उघडा मुलूख हिरवा करायचा होता. अमेरिका खंडातली काटेरी बाभूळ त्यासाठी पसरवली गेली. विमानातून बी टाकलं, असंही सांगतात. हिरवळ आली, ती आजतागायत हटलेली नाही. तिकडे तिला बावळिया म्हणतात, आपल्याकडे वेडी बाभूळ. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी पसरतं. तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि तिच्या दाटीत मूळच्या गवतांना नि झुडपांना जागा उरत नाही.

मेहरानगढ किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमिनीवर हीच गत होती. 2006 मध्ये किल्ल्याच्या संग्रहालय न्यासाने प्रदीप कृषन यांच्याकडे ती मूळपदावर आणण्याचं काम सोपवलं. चित्रपट सोडून झाडांच्या अभ्यासात रमलेला हा माणूस. बावळिया मुळासकट काढायची तर कठीण ज्वालामुखी खडक फोडावा लागणार होता. तिथे उपयोगी पडले दगडखाणीतले खंडवालिया कारागीर. हातोडीच्या आवाजावरून खडक कुठे नरम आहे, हे त्यांना कळतं. त्यांनी खोदलेल्या खड्ड्यांतच मग थोर, कुमटिया, गुग्गुळ यांसारखी झाडं लावली गेली. रोपं विकत मिळण्यासारखी नव्हतीच. बी वाळवंटात हिंडून गोळा करायचं आणि स्वतःच्या रोपवाटिकेत वाढवायचं, असा तो उद्योग. 2011 मध्ये ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ लोकांसाठी खुलं झालं.

बागेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे, आणि तो सौंदर्याचा नाही, बियाण्याचा आहे. गुग्गुळाचा डिंक औषधाला लागतो. तो काढण्यासाठी दिलेल्या खाचांनी झाडंच मरतात. आंतरराष्ट्रीय यादीत हे झुडूप आता अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. फोग या झुडपाची मुळं कोळशासाठी उपटली गेली. त्याच्या कळ्यांचं दह्यातलं रायतं करणारी घरं अजून आहेत, पण उद्या कोणाला फोग लावायचा झाला तर रोप कुठून आणणार? गुलमोहर आणि बोगनवेल कुठेही मिळतात. अशा बागेला लागून रोपवाटिका असेल तर आसपासच्या शाळा, शेतकरी, पंचायती यांना निदान मागायला एक दार राहील. आणि एकदा रुजलेल्या या झाडांना टँकर लागत नाही. वाळवंटातल्या ग्रामपंचायतीच्या हिशेबात ही बाब लहान नाही.

आता दुसरी बाजू. जोधपूरची जमीन एका न्यासाची, मागे किल्ला, किल्ल्यावर पर्यटक, त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे. बाडमेर-जैसलमेरच्या गावाकडे यातलं काय आहे? गावाकडे आहे गोचर आणि ओरण. गोचर म्हणजे गायरान. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईचं वाळवंटी भावंड. तिथे कुऱ्हाड चालत नाही, पण गुरं चरतात, पाण्याची जागा सर्वांची असते, पडलेली सांगरी, म्हणजे खेजडीच्या शेंगा, बायका वेचतात. यातली बरीच जमीन सरकारदरबारी पडीक म्हणून नोंदलेली असल्याने सौर आणि पवन प्रकल्पांची नजर तिच्यावर असते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या अशा देवरानांची मोजणी करून त्यांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. त्याच्या आधीपासूनच पशुपालकांना वेगळी धास्ती आहे: ओरण कागदावर ‘वन’ झालं की आपली चराई जाईल. अशा गावात उद्या कोणी चांगल्या हेतूने तारेचं कुंपण घेऊन आलं, तर राईका-रबारी पशुपालकाला त्यात आणि सौर कंपनीच्या कुंपणात फरक का दिसावा?

बावळियाचाही एक पैलू नजरेआड करता येत नाही. तिचा राग निसर्गप्रेमींना येतो, पण चूल तिच्यावर पेटते. कोळसा पाडून पोट भरणारी कुटुंबं आहेत. बावळिया सरसकट उपटली तर ज्यांच्याकडे दुसरं सरपण नाही, त्यांच्या डोक्यावर पहिला भार पडेल.

आणखी एक भीती मला खरी वाटते. अशी बाग वर्षातला बराच काळ तपकिरी दिसते. खरी गंमत पावसाळ्यात, जेव्हा इवल्या एकवर्षायु वनस्पती काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. उद्घाटनाला येणारा पाहुणा बहुधा त्या आठवड्यांत येत नाही. मग समितीतला कोणीतरी म्हणतो, थोडं लॉन करू या. पाठोपाठ कारंजं येतं, कारंज्यासाठी बोअर येते, आणि बाग कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणच्या उद्यानासारखी होऊन बसते. शिवाय वाळवंट सगळीकडे एकसारखं नाही. फोग नि सेवण गवत वाळूतले, थोर खडकाच्या भेगेतला. एका गावची यादी दुसऱ्या गावाने उतरवून घेतली तर ‘देशी’ या पाटीखाली चुकीचीच झाडं लागतील.

उघड्या जमिनीला ओसाड समजण्याची खोड आपल्यालाही आहे. सोलापूरकडच्या माळरानांवर लावलेल्या गिरिपुष्पाने माळढोकाच्या गवताळ अधिवासाचं काय केलं, हे त्या भागातले अभ्यासक सांगत आले आहेत. थरकडे बोट दाखवताना हे विसरू नये.

मग करावं काय? ओरण शाबूत असेल तिथे बाग नकोच. खेजडी, केर, बोर, सेवण तिथे आपापल्या जागी उभे आहेत. त्यांना नावाच्या पाट्यांची गरज नाही. पैसा असेल तर तो मोजणीला, महसुली नोंद दुरुस्त करायला आणि आतली बावळिया टप्प्याटप्प्याने काढायला द्यावा. गावाजवळ बावळियाने गिळलेला, चराईलाही निरुपयोगी झालेला तुकडा असेल, सरपणाची दुसरी सोय आधी लावली असेल आणि कुठे कुंपण घालायचं, गुरांना कधी सोडायचं हे ठरवताना गुराखी बैठकीत बसलेले असतील, तर बाग जरूर करावी. पहिली दोन वर्षं फक्त बी गोळा करण्यात आणि रोपं वाढवण्यात जातील, हे देणगीदाराला सुरुवातीलाच सांगावं. त्याला ते मान्य नसेल, तर त्याचे पैसे घेऊ नयेत.