समुद्र नाही, पण समुद्राचे पाहुणे आहेत!

बालमित्रांनो,

"बाई, आपल्या संभाजीनगरला समुद्र कुठंय? मग समुद्रपक्षी कसे बघायचे?" आमच्या चौथीच्या वर्गात एकानं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर! पण आपल्याजवळ नाथसागर आहे ना! पैठणला गोदावरीवर जायकवाडी धरण बांधलं, त्याचा हा अफाट जलाशय. १९८६ सालापासून तो पक्षी अभयारण्य आहे.

हिवाळ्यात इथं कुरव येतात. समुद्रकिनाऱ्यावर दिसतात तेच हे पक्षी. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करतो आणि थंडीत खाली उतरतो. गंमत म्हणजे थंडीत त्याचं डोकं पांढरं होतं! डोळ्यामागं काळसर ठिपका तेवढा उरतो. त्याचा भाऊबंद नदी सुरय मात्र बारा महिने आपल्याकडचाच. पिवळी चोच, लाल पाय, कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. पाण्यात सूर मारून मासा पकडतो.

आता माझी एक चूक सांगते. एकदा एप्रिलमध्ये मी कॅमेरा घेऊन काठाकाठानं निघाले. पाणी आटून खडकाळ जमीन उघडी पडली होती. सुरयांचा फोटो जवळून हवा म्हणून मी पुढं पुढं गेले. पक्षी उडाले, ओरडत माझ्या डोक्यावर झेपा घेऊ लागले. मला वाटलं, वा! काय छान फोटो मिळतायत!

सहज पायाशी पाहिलं आणि दचकलेच. गोट्यांमध्ये ठिपक्या-ठिपक्यांची दोन अंडी! सुरय काड्यांचं घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, छोट्याशा खळग्यात अंडी घालतो. आईबाप उडाले की ती भर उन्हात भाजतात. मी आल्या पावली, खाली बघत मागं फिरले. लांबून पाहिलं, तेव्हा एक पक्षी अंड्यांवर येऊन बसला होता. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. ते फोटो सुंदर आलेत. पण मी ते कुणाला दाखवत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. मोठ्यांना सोबत घेऊन सकाळीच जा. सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे फोटो स्वच्छ येतो. पक्षी माना वर करून बघू लागले की थांबा. उडाले, तर समजा, आपण फार जवळ गेलो. फोटो लहान आला तरी चालेल!

आणि हो, कॅमेरा नसला तरी वही-पेन्सिल आहेच. पक्ष्याची चोच, पाय, शेपटी टिपून ठेवा आणि मला जरूर कळवा.

तुमच्या,
बाई