लाइट गेली तर?

लाइट गेली की आपण काय करतो? आधी मोबाइलची बॅटरी बघतो. मग वाय-फाय गेलं म्हणून चिडचिड. मग गॅलरीतून वाकून समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का ते बघतो. त्यांचीही गेली असेल तर उगाच जरा बरं वाटतं! दोन मिनिटांत खालून घर्रर्र आवाज येतो, सोसायटीचा जनरेटर सुरू होतो, लिफ्टमध्ये अडकलेले काका घामाघूम होऊन बाहेर येतात आणि आपण पुन्हा आपल्या सीरियलला लागतो.

आता एक काम करा. तो जनरेटर कुठे ठेवलाय ते बघून या. बेसमेंटमध्ये? म्हणजे पावसाचं पाणी सगळ्यात आधी भरतं तिथेच? मग तुमची सोसायटी आणि फुकुशिमा एका बाबतीत अगदी सारखी आहेत.

११ मार्च २०११. जपानमध्ये ९ रिश्टरच्या आसपासचा भूकंप. फुकुशिमा दाइइची प्रकल्पातल्या तीन अणुभट्ट्या तेव्हा चालू होत्या आणि त्या नियमाप्रमाणे आपोआप बंद झाल्या. भट्टी भूकंपानं फुटली, असा आपला एक समज असतो. तसं झालं नाही. भूकंपानं बाहेरून येणारी वीज गेली. डिझेल जनरेटर सुरू झाले. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं! पण पाऊण-एक तासात समुद्र आत आला, चौदा-पंधरा मीटर उंचीची लाट घेऊन. प्रकल्पासाठी हिशोब धरला होता तो जेमतेम सहा मीटरचा. बहुतेक जनरेटर तळमजल्याखाली होते. ते बुडाले. आणि लाइट गेली.

इथे थोडं फिजिक्स, घाबरू नका. कुकरखालचा गॅस बंद केला तरी आतलं वरण बराच वेळ रटरटत राहतं ना? अणुभट्टीचं त्याहून वाईट. कुकरला निदान बाहेरून गॅस होता, भट्टीतलं इंधन बंद केल्यावरही स्वतःच उष्णता तयार करत राहतं. बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के, तासाभरानं दीडेक टक्का. ऐकायला किरकोळ. पण हजार मेगावॉट विजेची भट्टी आत तीन हजार मेगावॉट उष्णता तयार करते, तिचा दीड टक्का म्हणजे पंचेचाळीस मेगावॉट. ही उष्णता दिवसेंदिवस पाण्यानं काढत राहावी लागते. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. म्हणजे जो कारखाना आपल्याला वीज देतो, त्याला बंद पडल्यावर सगळ्यात जास्त गरज कशाची? विजेची. फुकुशिमातल्या लोकांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि कंट्रोल रूमचे काटे त्यावर चालवून बघितले. जगातल्या सगळ्यात हायटेक देशात!

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं जुन्नर-आंबेगाव. 'वीकएण्डला कुठे जाल' टाइपचं काहीतरी लिहायचं म्हणून मी आणि माझी फोटोग्राफर मैत्रीण पुणे-नाशिक हायवेनं निघालो होतो. शिवनेरी, नाणेघाट, नारायणगावची द्राक्षं, वाटेत मिसळ. लिस्ट तयार. नारायणगावपासून जरा आत खोडदला जीएमआरटीच्या त्या अवाढव्य तबकड्या दिसतात. एकूण तीस, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकत बसलेल्या. ही दुर्बीण टीआयएफआरची, म्हणजे होमी भाभांनी १९४५ मध्ये काढलेल्या संस्थेची, आणि ती संस्था येते अणुऊर्जा खात्याखाली. म्हणजे जुन्नर तालुक्यात अणुऊर्जा खातं आहे, फक्त भट्टी नाही. भट्टी इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, समुद्राकाठी तारापूरला.

घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाच्या रस्त्याला एका टपरीवर चहाला थांबलो. विजेचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला.

"दादा, इकडे लाइट असते का नीट?"

"असते की ताई. शेतीची असते, पण तिची पाळी असते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला जायचं म्हणजे बिबट्याची अन् आमची ड्यूटी एकच."

तो हसला, आम्हीही हसलो, पण ही काही गंमत नाही. या दोन्ही तालुक्यांत उसात बिबटे आहेत, माणसं मेलीत, आणि 'दिवसा वीज द्या' ही इथली जुनी मागणी आहे. त्यामुळे 'अणुवीज नकोच' असं एसीत बसून म्हणणं मला जमत नाही. आणि ज्या डिंभ्याच्या पाण्याकडे बघत आम्ही चहा पीत होतो, त्याच्या खाली मूळ आंबेगाव आहे! तालुक्याला नाव देणारं गाव धरणात गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावात. प्रकल्पाची किंमत कोण भरतो, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिथून पुढे माळीण.

३० जुलै २०१४ ची सकाळ. आदल्या दिवसापासून धो धो पाऊस, आणि अख्खा डोंगरउतार चिखल होऊन गावावर आला. १५१ माणसं गेली. कारणांवर नंतर भरपूर चर्चा झाली. कोणी पावसाचं नाव घेतलं, कोणी झाडतोडीचं, कोणी डोंगरउतारावर भातखाचरं पाडायच्या पडकईच्या कामांचं. पण मला त्या बातम्यांमधली एकच गोष्ट विसरता येत नाही. सकाळी एसटी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला गाव दिसलंच नाही, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला कळलं. ना सायरन, ना सॅटेलाइट, ना कंट्रोल रूम. एसटीचा ड्रायव्हर. त्या दिवशी एसटी उशिरा आली असती तर?

बचावासाठी एनडीआरएफची माणसं आली. त्यांचा तळ आपल्या तळेगावजवळच, पण अरुंद घाटरस्ता, चिखल आणि न थांबणारा पाऊस. ढिगारा उपसायला आठवडाभर लागला. आणि पुनर्वसनाचं नवं माळीण २०१७ च्या एप्रिलमध्ये थाटात सुरू झालं, तर त्याच जूनमध्ये, पहिल्याच जोरदार पावसात, तिथे रस्ते खचल्याच्या आणि भेगा पडल्याच्या बातम्या. म्हणजे इतकं सगळं होऊन गेल्यावर, सगळ्यांचं लक्ष असताना, मुद्दाम 'सुरक्षित' म्हणून निवडलेली जागा!

तर, माळीणचा आणि अणुभट्टीचा काय संबंध? हाच. नैसर्गिक आपत्ती एकेक वस्तू नेत नाही. ती लाइट, रस्ता आणि फोन एकदम नेते. आणि भट्टीला नेमकं त्याच वेळी लाइट हवी असते, डिझेलचा टँकर यायला रस्ता हवा असतो, गावं रिकामी करायला फोन हवा असतो. प्रकल्पाचे इंजिनिअर काँक्रीटच्या जाडीबद्दल बोलतात तेव्हा मला ते खरं वाटतं. काँक्रीट जाडच असतं. माझा प्रश्न रस्त्याबद्दल आहे.

आपल्याकडे असं कधी झालंय का? झालंय. ३१ मार्च १९९३, नरोरा, उत्तर प्रदेश. टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, केबल जळाल्या आणि प्रकल्पाची सगळी वीज गेली. जवळजवळ सतरा तास! कंट्रोल रूममध्ये धूर, लोकांना बाहेर पडावं लागलं. काही जण बॅटरीचे टॉर्च घेऊन वर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून भट्टीत बोरॉन सोडलं, म्हणजे ती पुन्हा पेटायला नको. आग विझवायचे डिझेलवरचे पंप लावून थंडाव्यासाठी पाणी दिलं. भट्टी वाचली. या लोकांवर सिनेमा का निघाला नाही, देव जाणे. पण लक्षात घ्या, तेव्हा बाहेर पूर नव्हता, भूकंप नव्हता, दरड नव्हती. नुसती आत आग.

आता तारापूर. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ च्या, देशातल्या सगळ्यात पहिल्या. उकळत्या पाण्याच्या, म्हणजे फुकुशिमाच्याच खानदानातल्या, फक्त वयानं मोठ्या आणि आकारानं खूप लहान. त्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या. शेजारच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या नंतरच्या, वेगळ्या पद्धतीच्या. फुकुशिमानंतर आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळानं समिती नेमली, आणि तिनं शहाण्यासारख्या गोष्टी सुचवल्या. भूकंप जाणवताच भट्टी आपोआप बंद व्हावी, पाण्याच्या पातळीच्या वर जादा जनरेटर असावेत, सगळं बंद पडलं तर बाहेरून, अगदी फायर इंजिननंसुद्धा, पाणी सोडता यावं अशा जोडण्या असाव्यात. साधे उपाय आहेत, आणि म्हणूनच मला पटतात.

पण 'इथे तेवढा मोठा भूकंप येणार नाही' हे वाक्य ऐकलं की मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-उस्मानाबादेत दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. तो भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता! पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला आणि झोन एक काढूनच टाकला. कोयनेला १९६७ मध्ये धरणाच्या कुशीत भूकंप झाला, तोही कोणाच्या ध्यानीमनी नसताना. आणि २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. मोठे धक्के चारच्या आसपासचे, भट्टीला काही होण्यासारखे नाहीत, कबूल. पण ते तारापूरच्याच जिल्ह्यात, आणि नकाशाला न विचारता आले.

जैतापूरचं तर अजून सगळं कागदावरच आहे. माडबनच्या सड्यावर सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. विरोधात आंदोलन, १८ एप्रिल २०११ ला पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. तिथे सडा समुद्रापासून बराच उंच आहे, लाट पोचणार नाही, असं सांगतात. बरोबर असेल. जपानमधल्याच ओनागावा प्रकल्पाला उंचीनंच वाचवलं. भूकंपाच्या केंद्राला तो फुकुशिमापेक्षा जवळ होता. पण यानोसुके हिराई नावाच्या एका इंजिनिअरनं कित्येक वर्षं आधी, जुन्या त्सुनामी आठवून, प्रकल्प उंचावर बांधायचा हट्ट धरला होता. त्या दिवसांत घरं वाहून गेलेले आसपासचे शेकडो लोक चक्क त्या अणुप्रकल्पात आसऱ्याला राहिले! बॉसला न जुमानणारा एक माणूस. तुमच्या ऑफिसात असा कोणी असेल तर त्याला अप्रेझलमध्ये छळू नका.

मात्र सड्याची उंची लाटेला उत्तर देते, कोकणातल्या घाटांना नाही. पावसाळ्यात तिथले घाट आणि रेल्वे कितीदा बंद पडतात ते गणपतीला गावी जाणाऱ्या कोणालाही विचारा.

खरी गोम इथे आहे. आपल्याकडे प्रकल्पाभोवती सोळा किलोमीटरचा आपत्ती नियोजनाचा पट्टा धरतात. कुंपणाच्या आत जबाबदारी प्रकल्पाची. कुंपणाबाहेर गेलात की जिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस, प्राथमिक आरोग्य केंद्र, एसटी. म्हणजे माळीणला जी यंत्रणा धावली तीच. फुकुशिमात पहिल्या चोवीस तासांत गावं रिकामी करायचा आदेश आधी दोन किलोमीटरचा निघाला, मग तीन, मग दहा, मग वीस. माणसं एका छावणीतून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. फुताबाच्या एका हॉस्पिटलमधले चाळीसहून अधिक म्हातारे, आजारी रुग्ण या हलवाहलवीत गेले. किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून सरकारनं मान्य केलेला मृत्यू एक. स्थलांतराचे हाल आणि त्यातून आलेली आजारपणं यांनी फुकुशिमा प्रांतात दोन हजारांवर माणसं नेली. भट्टीच्या भिंतीपेक्षा बस, बिछाना आणि औषध जास्त जिवावर बेतलं.

सोळा किलोमीटरच्या पट्ट्यातही ठराविक काळानं सराव होतात. पण सराव कसे असतात ते आपल्याला माहीत आहे. ऑफिसची फायर ड्रिल आठवा. आदल्या दिवशी मेल येतो, 'उद्या अकरा वाजता अलार्म वाजेल, घाबरू नये'. अलार्म वाजतो, आपण लॅपटॉप लॉक करून, कॉफीचा मग हातात घेऊन, गप्पा मारत जिना उतरतो. खाली कोणीतरी डोकी मोजतं. ग्रुप फोटो. परत वर.

माझी एक मागणी आहे. तारापूरचा पुढचा सराव जुलैमध्ये ठेवावा, पहाटे तीन वाजता, पाऊस लागलेला असताना, सगळ्या साहेबांचे मोबाइल बंद करून. आणि बोईसरच्या डेपोतली एक एसटी न सांगता उशिरा सोडावी. मला बोलवा. रेनकोट आहे माझ्याकडे.