अंतर एक, वेळ दुसरी

गेल्या माघांत रोह्याच्या एका स्नेह्यांचें पत्र आलें. त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. स्नेह्यांचे चिरंजीव अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोस असतात. त्यांस आजीचें अंत्यदर्शन घडलें नाहीं. "शुक्रवारीं सायंकाळीं सहा वाजतां फोन केला. विमान सोळा तासांचें. आणि मुलगा घरीं आला रविवारीं दुपारीं दोन वाजतां! त्यानें हयगय केली, असें घरांत सर्वांचें मत झालें आहे. आपलें मत कळवावें."

निकाल देण्यापूर्वीं थोडें गणित करूं.

प्रथम अंतर. पेण व रोहें यांत सरळ रेषेनें सुमारें ३३ किलोमीटर. नागोठण्यावरून जाणाऱ्या सडकेनें तें अधिक भरतें. आकाशांत डोंगर आड येत नाहींत, पण पृथ्वी गोल आहे. घरांतील मुलांच्या पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरा. तो सैबीरियावरून, उत्तर ध्रुवसमुद्राच्या कडेनें जाऊन अलास्कावरून खालीं उतरेल. तेंच सर्वांत जवळचें अंतर. सुमारें १३,५०० किलोमीटर.

आतां वेळ. थोडें अंतर म्हणजे थोडा वेळ, हाही भ्रमच. २०१६ च्या ऑक्टोबरांत एअर इंडियानें दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणारें विमान अटलांटिकऐवजीं पॅसिफिक महासागरावरून नेलें. वाट सुमारें १,४०० किलोमीटरांनीं लांबली. तरी पश्चिमेकडून वाहणारा वारा पाठीशीं असल्यामुळें जवळजवळ दोन तास वांचले. रोह्याचे चिंतामणराव देशमुख यांनीं ज्याचें मराठी भाषांतर केलें, त्या मेघदूतांतही यक्ष मेघास उज्जयिनीची वांकडी वाट घ्यावयास सांगतो. त्याचा हेतु सौंदर्याचा, वैमानिकाचा वेळेचा, एवढाच भेद.

आतां मुलाचा हिशेब. त्याच्याकडून मीं तपशील मागविला. हिवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागें. आपल्या सायंकाळच्या सहा वाजतां तेथें शुक्रवारचीच पहाट, साडेचार. थेट विमानांत जागा नव्हती. वाटेंत विमान बदलावयाचें तिकीट मिळालें, तें रात्रीं नऊचें. म्हणजे साडेसोळा तास तेथेंच गेले; आपल्याकडे शनिवारचे सकाळचे साडेदहा झाले. वाटेंतील थांब्यासह प्रवास २३ तासांचा. मुंबईस रविवारीं सकाळीं साडेनऊ. पुढें तपासणी, सामान व रोह्यापर्यंतची सडक धरून दोन वाजले. एकूण ४४ तास. यांत हयगय कोठेंही सांपडत नाहीं.

मग मीं स्नेह्यांचें पत्र पुन्हां वाचलें. फोन केला त्यापूर्वीं पंधरा दिवस आजी अंथरुणास खिळल्या होत्या. 'मुलाच्या जिवाला उगीच घोर नको' म्हणून त्यास कळविलें नव्हतें. पंधरा दिवसांचे तास ३६० होतात. खरा उशीर तेथें झाला.

स्नेह्यांस मीं तसेंच लिहिलें. त्यांचें उत्तर दोनच ओळींचें आलें: पत्र सर्वांसमक्ष वाचून दाखविलें, आणि मुलाशीं फोनवर पुष्कळ वेळ बोलणें झालें.

वाचकांस एवढीच विनंति. ज्यांचें माणूस सातासमुद्रांपलीकडे आहे, त्यांनीं घरच्या दुखण्याची वार्ता त्यापासून लपवूं नये. यावयाचें कीं नाहीं, हें त्याचें त्यास ठरवूं द्यावें. आणि त्यास दोष देण्याचा प्रसंग आलाच, तर आधीं पाटी-पेन्सिल घेऊन बसावें.